शेतातील मांडणशिल्पे आणि जमिनीचा धनी

चित्रशाळेच्या चार भिंतींबाहेर पडून कला जेव्हा नांगरटीच्या जमिनीवर येऊन उभी राहते, तेव्हा दालनात ज्याचे उत्तर तिला कधीच द्यावे लागलेले नसते असा एक रोखठोक प्रश्न तिला प्रथमच ऐकावा लागतो : ही जमीन कोणाच्या खात्यावर आहे, आणि तुम्हाला येथे उभे राहण्याची मुभा कोणी दिली? १९६० नंतरच्या काळात अमेरिका, युरोप आणि जपान येथे उघड्या माळांवर, कुरणांत आणि भातखाचरांत जी मांडणशिल्पे उभी राहिली त्यांच्यावर विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनाचा भर आकार, अवकाश, काल, निसर्ग आणि मानव यांचे नाते अशा उदात्त विषयांवर राहिला असून, ज्याच्या बांधावर हा सारा व्यवहार घडला त्या शेतकऱ्याचा उल्लेख फार तर आभाराच्या एखाद्या ओळीत आढळतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. शेतातील कलाकृतीने जमिनीच्या धन्याशी कोणती कबुलायत केली, आणि कलावंत आपले सामान आवरून गेल्यावर तिची निगराणी कोणाच्या शिरावर पडली, या दोन गोष्टींवर तिचा कस तिच्या रूपापेक्षाही अधिक लागतो, असे या विषयाचा इतिहास नीट पाहणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

मुळात शेत ही काही कोरी पाटी नव्हे. आपल्याकडचे कोणतेही शिवार पाहा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांच्या धास्तीने उभे केले जाणारे बुजगावणे, म्हणजे दोन काठ्यांचा उभा-आडवा सांगाडा, त्यावर घरातल्या कोणा वडीलधाऱ्याचा विरलेला सदरा, डोक्याच्या जागी पालथे मडके आणि त्या मडक्यावर चुन्याच्या बोटांनी ओढलेले डोळे. बांधाच्या कोपऱ्यात शेंदूर फासून बसवलेला म्हसोबा. आणि मोजणी खात्याने रोवलेला, ज्याच्यावरून दोन पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या असाव्यात असा हद्दीचा दगड : या साऱ्या वस्तूंना शेतात आपापली नेमकी जागा असते. बुजगावण्याचा कर्ता आणि जमीन कसणारा एकच असल्यामुळे त्याला परवानगीचा प्रश्न पडत नाही, आणि हंगाम सरला की त्याच्या निगराणीचाही पडत नाही. बाहेरून येणाऱ्या कलावंताची गोष्ट निराळी. तो उपरा असतो, आणि त्याची वस्तू पिकाच्या उपयोगाची नसते.

ही अडचण पहिल्या पिढीतील अमेरिकन कलावंतांनी एका सोप्या युक्तीने टाळली; त्यांनी जमीनच अशी निवडली की जेथे विचारणारा कोणी नसावा. रॉबर्ट स्मिथसनने १९७० साली युटा राज्यातील खाऱ्या सरोवरात दगडमातीचा सर्पिल बांध घातला, मायकेल हाइझरने नेव्हाडातील पठाराच्या कडेला प्रचंड चर खोदले, आणि वॉल्टर डी मारियाने १९७७ मध्ये न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागातील निर्मनुष्य माळावर एक मैल लांब व एक किलोमीटर रुंद अशा आयतात पोलादाचे ४०० चकचकीत खांब इतक्या काटेकोरपणे उभे केले की जमीन खालीवर असूनही त्यांची टोके एका पातळीत यावीत. या शेवटच्या कृतीचे दर्शन घेण्यासाठी आजही एका वेळी सहाच माणसांना नेले जाते, तेथल्या लाकडी घरात रात्र काढावी लागते आणि छायाचित्र घेण्यास मनाई आहे. कृती भव्य आहे यात शंका नाही. परंतु तिच्या भोवतीचे एकांताचे वलय हे बरेचसे मालकी हक्काचे अपत्य आहे, आणि जेथे गुरे आणि गुराखी यांचीही वर्दळ खपणार नाही अशा माळाला शेत म्हणणे मला जड जाते. (त्या माळांवर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधी ज्यांची वहिवाट होती त्या लोकांना कोणी विचारले नाही, हे ओघानेच आले.) इंग्लंडमधील रिचर्ड लाँगने मात्र १९६७ मध्ये याहून चतुर तोडगा काढला होता. विल्टशायरमधील एका गवताच्या शेतात तो एकाच रेषेवर पुनःपुन्हा येरझाऱ्या घालत राहिला, पायदळी तुडवलेल्या गवतात सूर्यप्रकाशाने एक उजळ पट्टा उमटला, त्याने त्याचे छायाचित्र घेतले आणि तो घरी गेला. गवत पुन्हा उठून उभे राहिले असणार. धन्याला पत्ता लागण्यापूर्वीच कलाकृती नाहीशी झाली, आणि पंचनाम्याला काही उरले नाही.

खऱ्याखुऱ्या पिकाला हात घालण्याचे धाडस १९६९ साली डेनिस ओपनहाइमने नेदरलँड्सच्या ईशान्य टोकाला, फिन्स्टरवोल्ड या गावी केले. तेथे आल्बर्ट वालकेन्स नावाचा एक शेतकरी आपल्या गोठ्यात चित्रशाळा चालवत असे, त्यामुळे धनी आणि यजमान एकच होता आणि अनुमतीचा प्रश्न गोठ्यातच मिटला. ओपनहाइमने गव्हाच्या उभ्या शेतात एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फुलीच्या आकारात कापणी केली आणि ते धान्य दळायला वा विकायला जाऊ न देता बाजूला ठेवले. कच्चा माल बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच अडवणे हे चित्रकाराने रंग नळीतच ठेवण्यासारखे आहे, अशी त्यामागची भूमिका. बुद्धीला हे पटते, परंतु ज्याने दुष्काळ पाहिला आहे अशा समाजातील वाचकाला पिकून तयार झालेल्या गव्हावर फुली मारण्याची कल्पना थोडी बोचल्याखेरीज राहणार नाही. तेरा वर्षांनी अ‍ॅग्नेस डेनेस हिने याच्या नेमके उलट केले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर, जागतिक व्यापार केंद्राच्या जुळ्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी भराव टाकून तयार केलेल्या मोकळ्या जागेत तिने १९८२ च्या मे महिन्यात दोन एकर गहू पेरला. ट्रकांनी माती आणवली, दगड-कचरा वेचला, २८५ सऱ्या हातांनी ओढल्या, पाणी दिले, तण काढले, आणि ऑगस्टच्या मध्यास कापणी करून हजार पौंडांवर धान्य घरात आणले. ज्या भूखंडाची किंमत अब्जावधी डॉलरांत होती त्यावर साडेचारशे किलो गहू पिकवण्याचा हा व्यवहार हिशेबाच्या वहीत हास्यास्पद ठरतो आणि म्हणूनच तो परिणामकारक आहे. डेनेसच्या कृतीत शेतकाम हेच शिल्प आहे. तिला शेतकऱ्याची मुभा मागावी लागली नाही, कारण ती स्वतःच चार महिन्यांपुरती शेतकरीण झाली.

मुभा मागणे हाच कलेचा गाभा मानणारे दांपत्य म्हणजे क्रिस्तो आणि जान-क्लोद. त्यांच्या ‘रनिंग फेन्स’ या कृतीकडे थोडे जवळून पाहणे अगत्याचे आहे. कॅलिफोर्नियातील सोनोमा आणि मरीन या दोन परगण्यांच्या टेकड्यांवरून, गुराढोरांच्या कुरणांतून वळणे घेत अखेरीस प्रशांत महासागरात उतरणारे पांढऱ्या नायलॉनचे साडेचोवीस मैल लांब आणि अठरा फूट उंच असे एक कुंपण त्यांना उभारायचे होते. ते १९७६ च्या सप्टेंबरात चौदा दिवस उभे राहिले. पण त्यासाठीचा खटाटोप साडेतीन वर्षे चालला. वाटेत ५९ जमीनमालक होते. त्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून, कॉफी पिऊन, गायींच्या प्रकृतीची चौकशी करून करार करावे लागले. अठरा जाहीर सुनावण्या झाल्या, वरिष्ठ न्यायालयात प्रकरण गेले, आणि परिसरावरील परिणामांचा ४५० पृष्ठांचा अहवाल तयार करावा लागला. मौजेची गोष्ट अशी की, विरोध करणाऱ्यांत त्या भागातील काही कलावंतच हिरिरीने पुढे होते, आणि ज्यांना प्रारंभी हा परदेशी माणूस विक्षिप्त वाटला होता तेच पशुपालक सुनावणीत उभे राहून त्याच्या बाजूने बोलले. समुद्रात उतरणाऱ्या अखेरच्या तुकड्याच्या बाबतीत मात्र या दांपत्याने किनारा मंडळाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही, ही गोष्ट त्यांच्या स्तुतिपाठकांनी दडपू नये. काम संपल्यावर सारे साहित्य त्या-त्या मालकाच्या स्वाधीन करण्यात आले. खर्च क्रिस्तोने आपली रेखाटने विकून भागवला होता. त्यामुळे सरकारी अनुदानाचा मिंधेपणा त्याच्या वाट्याला आला नाही.

पुढे १९९१ साली त्यांनी एकाच वेळी दोन देशांत छत्र्या उभ्या केल्या : जपानच्या इबाराकी प्रांतातील एका खोऱ्यात १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियातील उघड्या डोंगरांवर १,७६० पिवळ्या. प्रत्येक छत्री सहा मीटर उंच आणि तिचा घेर दोन गाड्या सहज सामावतील एवढा. या उपक्रमातील जो तपशील मला सर्वांत बोलका वाटतो तो रंगांचा नसून खातेदारांचा आहे. कॅलिफोर्नियात २९ किलोमीटरांच्या पट्ट्यासाठी सुमारे पंचवीस खासगी मालकांची संमती पुरली. जपानात १९ किलोमीटरांसाठी ती ४५९ जणांकडून घ्यावी लागली. एकीकडे एकेका मालकाच्या नावावर डोंगरच्या डोंगर, दुसरीकडे वाटण्या होत होत वीतभर झालेली खाचरे. आणि त्याचा परिणाम थेट रूपावर झाला, कारण जपानात छत्र्या बांधाबांधाला धरून एकमेकींजवळ दाटीने उभ्या राहिल्या तर अमेरिकेत त्या मनसोक्त विखुरल्या. जमीनधारणेची पद्धत शिल्पाची रचना ठरवते, याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. हा उपक्रम दुर्दैवानेही गाजला. कॅलिफोर्नियात सोसाट्याच्या वाऱ्याने उखडलेल्या छत्रीखाली एक स्त्री मृत्यू पावली, आणि जपानात छत्र्या उतरवताना विजेच्या तारेचा धक्का बसून एक कामगार गेला. उघड्या शेतातील वारा दालनातील तज्ज्ञांच्या अंदाजात मावत नाही.

येथपर्यंतच्या साऱ्या कृती तात्पुरत्या होत्या, अथवा एकाकी. एखादा संपूर्ण कृषिप्रदेशच कलेच्या हवाली करून पंचवीस वर्षे तो व्यवहार चालू ठेवण्याचा प्रयोग एकाच ठिकाणी झाला आहे, तो जपानच्या नीगाता प्रांतातील एचिगो-त्सुमारी येथे. तोकामाची शहर आणि त्सुनान गाव मिळून सुमारे ७६० चौरस किलोमीटरांचा हा डोंगराळ मुलूख हिवाळ्यात तीन-तीन मीटर बर्फाखाली गाडला जातो. डोंगरउतारावर पायऱ्या कोरून काढलेली भातखाचरे, हाताने नदीचा प्रवाह वळवून मिळवलेली जमीन, आणि उत्तम प्रतीच्या तांदळाचा लौकिक असलेल्या या भागाला १९७० नंतर दुहेरी तडाखा बसला. शहरांनी तरुण माणसे ओढून नेली आणि सरकारने तांदळाचे अतिरिक्त उत्पादन आवरण्यासाठी लागवडीचे क्षेत्र घटवण्याचे धोरण अंगीकारले. शतकानुशतके ज्याने बर्फाशी झगडून भात पिकवला त्या शेतकऱ्याला भात न पिकवण्याबद्दल पैसे मिळू लागले. शाळा ओस पडल्या, घरे रिकामी झाली, खाचरांत वेत आणि गवत माजले. याच प्रांतात १९४६ साली जन्मलेले फ्राम किटागावा यांच्याकडे प्रांतिक सरकारने या मुलखाच्या पुनरुज्जीवनाची कामगिरी सोपवली, आणि त्यांनी दर तीन वर्षांनी भरणाऱ्या एका कलामहोत्सवाची योजना पुढे केली. स्थानिक प्रतिनिधींनी तिला कडाडून विरोध केला. रस्त्यांना आणि दवाखान्यांना पैसा नाही, आणि हे टोकियोचे लोक शेतात पुतळे उभे करणार, हा आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही. आपल्या एखाद्या ग्रामसभेत हेच शब्द, अधिक ठसठशीतपणे, उच्चारले गेले असते. किटागावा आणि ‘कोहेबी’ या नावाने ओळखली जाणारी शहरी विद्यार्थ्यांची स्वयंसेवक तुकडी यांनी वाडीवाडीत, दारादारांत जाऊन वर्षानुवर्षे समजूत घातली. २००० साली पहिला महोत्सव भरला. कृती एका ठिकाणी न मांडता मुद्दाम दूरदूरच्या सुमारे दोनशे वस्त्यांमध्ये विखुरल्या गेल्या, जेणेकरून पाहणाऱ्याला डोंगर चढावे, वाट चुकावी, एखाद्या आजीबाईला रस्ता विचारावा. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हा शुद्ध अव्यवहार होय, आणि किटागावा यांनी तो जाणूनबुजून केला.

त्या पहिल्या महोत्सवातील एका कृतीचा इतिहास प्रस्तुत विषयाचे सार सांगतो. सोव्हिएत रशियातून अमेरिकेत गेलेले इल्या कबाकोव्ह आणि त्यांची पत्नी एमिलिया यांना मात्सुदाई येथील नदीपलीकडच्या डोंगरउतारावरील खाचरांत भातशेतीच्या कामांची चित्रमाला उभारायची होती : नांगरणी, पेरणी, लावणी, बेणणी, कापणी अशा क्रमाने, निळ्या आणि पिवळ्या रंगांतील सपाट मानवाकृतींच्या रूपाने. खाचरांच्या धन्याने प्रथम नकार दिला. ती जमीन वाडवडिलांनी घाम गाळून उभी केलेली, तीत परक्याने काही रोवणे त्याला रुचेना. शिवाय दुखापतीमुळे तो शेती सोडण्याच्या विचारात होता. परंतु आराखडे पाहिल्यावर, आपल्या कष्टांची कोणी दूरदेशीच्या माणसाने इतक्या बारकाईने नोंद घेतली आहे हे त्याला दिसले, आणि त्याने होकार दिला. एवढेच नव्हे, तर त्यापुढेही काही वर्षे तो ती खाचरे कसत राहिला. आज मात्सुदाईच्या केंद्रातील सज्ज्यावर उभे राहिले की समोर एक चौकट लटकलेली दिसते. तिच्यात शेतकामाचे वर्णन करणाऱ्या ओळींची अक्षरे अधांतरी तरंगतात, आणि नजर नेमकी केली म्हणजे त्या अक्षरांच्या मागे, नदीपलीकडे, वाकलेला निळा लावणीकर आणि पेंढ्या वाहणारी पिवळी आकृती आपापल्या ओळीखाली येऊन बसतात. खाली खऱ्या खाचरात खरे भात असते. कृतीचा तिसरा थर भात हाच आहे, आणि तो दरसाल नव्याने लावावा लागतो. ज्या वर्षी तेथे लावणी होणार नाही त्या वर्षी कबाकोव्हची आकृती रिकाम्या गवतावर वाकलेली राहील आणि कृतीचा अर्थच उलटेल. यामुळे महोत्सवाच्या चालकांवर ते शेत पिकते ठेवण्याची जबाबदारी येऊन पडली. मूळ धनी निवृत्त झाल्यावर ती खाचरे महोत्सव चालवणाऱ्या संस्थेने कसायला घेतली. पुढे शहरवासी वर्गणीदारांनी दरसाल ठरावीक रक्कम भरायची, हंगामात हातभार लावायला यायचे आणि बदल्यात तांदळाचा वाटा घ्यायचा, अशी व्यवस्था वयोवृद्ध मालकांच्या इतर पडीक खाचरांसाठीही लागू झाली. २०१५ साली तर एक महिला फुटबॉल संघच स्थापन झाला, ज्याच्या खेळाडू चेंडू खेळतात आणि खाचरेही कसतात. कलेने शेतकऱ्याकडून जमीन घेतली ती खंडाने, आणि खंड फेडण्यासाठी तिला स्वतः चिखलात उतरावे लागले, असा हा उफराटा व्यवहार आहे.

२००० च्या त्याच पहिल्या महोत्सवात ऑस्कर ओइवा या कलावंताने लाल रंगाची बुजगावणी उभी केली. पाखरांना फसवण्यासाठी ती अर्थातच नव्हती. ज्या घरचे शेत त्या घरच्या माणसांच्या, आजोबा, सुना, नातवंडे यांच्या, पूर्णाकृती कापून त्या त्यांच्याच बांधावर रोवल्या गेल्या. रूपाच्या दृष्टीने कबाकोव्हच्या कृतीइतकी ही समृद्ध नाही. परंतु शेताचा धनी येथे प्रथमच शिल्पाचा विषय, यजमान आणि प्रेक्षक अशा तिन्ही नात्यांनी हजर आहे. पुढील महोत्सवांतून ओस पडलेली घरे आणि शाळा यांकडे लक्ष वळले. निहोन विद्यापीठाच्या शिल्पकला विभागाचे जुनइची कुराकाके आणि त्यांचे विद्यार्थी यांनी एका जुन्या रिकाम्या घराच्या भिंती, तुळया, जमीन, जिना असा एकही पृष्ठभाग न सोडता छिन्नीने खाचा पाडल्या. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या कामानंतर धुराने काळवंडलेल्या लाकडाच्या आतला पांढरा गाभा सर्वत्र उघडा पडला. तेथे आता रात्रीच्या मुक्कामाला पाहुणे येतात. क्रिस्तियाँ बोल्टान्स्की यांनी बंद पडलेल्या शाळेत उभारलेली मांडणीही नावाजली गेली. पण ती शेताबाहेरची म्हणून तिच्याकडे येथे वळत नाही.

हे सारे सांगितल्यावर ज्या अपेक्षेने महोत्सव सुरू झाला तिचे काय झाले, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकसंख्येची ओहोटी थांबलेली नाही. शाळा अजूनही बंद पडतात. महोत्सवाच्या उन्हाळ्यात बसगाड्यांतून उतरणारी गर्दी नोव्हेंबरात पहिला बर्फ पडण्यापूर्वी निघून जाते, आणि उघड्यावरच्या कित्येक कृतींना बर्फाच्या भाराखाली मोडू नये म्हणून दरवर्षी झाकावे किंवा उतरवावे लागते. कला खेडे वाचवते ही घोषणा माझ्या मते सरकारी पुस्तिकांसाठी ठीक आहे. पंचवीस वर्षांच्या उद्योगातून हाती लागले ते एवढेच की काही खाचरे पडीक राहिली नाहीत, काही घरांवर छप्पर टिकले, आणि २००४ च्या ऑक्टोबरात चुएत्सूचा भूकंप झाला तेव्हा महोत्सवामुळे ओळख झालेली शहरातली मुले ढिगारे उपसायला न बोलावता आली. याला कमी लेखण्याचे कारण नाही, आणि फुगवण्याचेही नाही.

जपानातीलच दुसरे उदाहरण, आओमोरी प्रांतातील इनाकादाते या खेड्याचे, स्वभावाने अगदी वेगळे आहे. तेथे १९९३ पासून निरनिराळ्या रंगांच्या पानांचे भात लावून शेतात चित्र काढले जाते. कलावंत कोणी बाहेरचा नाही. ग्रामकचेरी आणि गावकरी हेच कर्ते. प्रारंभी तीन वाणांत इवाकी पर्वताचे साधे चित्र येई, पुढे जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या वाणांची भर पडत ते गुंतागुंतीचे होत गेले. २००३ मध्ये मोनालिसा लावली, तर कचेरीच्या मनोऱ्यावरून पाहणाऱ्यांना ती भलतीच लठ्ठ दिसली, कारण दूरचा भाग आखूड दिसतो याचा हिशेब आखणीत धरला नव्हता. तेव्हापासून खुंट्या रोवण्याआधी संगणकावर यथार्थदर्शन दुरुस्त करून घेण्याचा रिवाज पडला. २००८ मध्ये गावाने खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी चित्राच्या पायथ्याशी एका विमान कंपनीची आणि एका वृत्तपत्राची नाममुद्रा भातानेच लावली. जमिनीच्या मालकांनी हरकत घेतली. आपले शेत चित्रासाठी दिले होते, जाहिरातीसाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आणि वादाअंती नाममुद्रेची रोपे उपटून टाकावी लागली. कलावंत, प्रशासन आणि धनी यांच्यात हद्द नेमकी कोठे आहे हे त्या उपटलेल्या रोपांनी जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही कराराने केले नसते.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी असलेला संबंध दिसतो त्याहून जुना आहे. एचिगो-त्सुमारीचा महोत्सव सुरू होण्याच्या अठरा वर्षे आधी, १९८२ मध्ये, तोकियो हासेगावा नावाच्या गृहस्थांनी त्याच तोकामाचीच्या डोंगरातील एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला संग्रहालय स्थापन केले, आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे हे वारली चित्रकार तेथे राहून चित्रे काढून आले. तांदळाच्या पिठाने शेणमातीच्या भिंतीवर लावणी, झोडणी आणि तारपा नाच रेखाटणाऱ्या माणसाला त्या बर्फाळ भातमुलखात फारसे परके वाटले नसावे. २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात मशे आणि रिचर्ड लाँग यांचे जोडप्रदर्शन झाले. त्यासाठी लाँग वारली मुलखात येऊन शेतवाटांनी हिंडला आणि तेथल्याच मातीत त्याने काम केले. विल्टशायरच्या शेतात कोणाला न विचारता चालणाऱ्या या माणसाला येथे यजमान होता, हा फरक लक्षात घेण्याजोगा. पुढे २०१३ मध्ये एका जपानी संस्थेने गंजाडच्या शाळेतच भित्तिचित्रांचा महोत्सव भरवला. लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे अलीकडे शिवजयंतीच्या निमित्ताने शेतात पेरणी करून महाराजांची भव्य प्रतिमा साकारली गेली. तिचे कौतुक झाले ते बहुतांशी आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला केवळ हिरवळ दिसते, आणि इनाकादातेसारखा मनोरा आपल्याकडे कोणी बांधलेला नाही.

आपल्याकडे एचिगो-त्सुमारीसारखे काही का होत नाही, याची चर्चा कलावर्तुळात अधूनमधून होते आणि दोष बहुधा शासनाच्या अनास्थेला दिला जातो. मला अडचण सातबाऱ्यावर दिसते. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा असूनही एकेका गटावर आठ-दहा सहहिस्सेदारांची नावे, त्यांतील निम्मे मुंबई-पुण्यास, एखादा वारस नोंदीच्या वादात. शेतीखेरीज वापर म्हटला की बिनशेतीच्या परवानगीची टांगती तलवार. इबाराकीत ४५९ सह्या गोळा करणारा क्रिस्तो आपल्या तलाठ्याच्या दाराशी किती काळ टिकला असता हे सांगवत नाही. परंतु हीच गुंतागुंत जपानातही होती आणि ती दारोदार हिंडूनच सुटली. आपल्याकडे उणीव आहे ती तेवढा काळ हिंडण्याची चिकाटी असलेल्या माणसांची, आणि त्यांना तेवढा काळ पोसण्यास तयार असलेल्या तिजोरीची.

तोपर्यंत, उघड्यावरची जी शिल्पे आपल्या पदरी आधीच आहेत त्यांची दखल घेणे अधिक निकडीचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांवर, आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे, खडकात कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती दाटीने भरल्या आहेत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्याश्मयुगापर्यंत मागे नेणारेही आहेत. २०२२ मध्ये कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, देवाचे गोठणे आदी ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पण हे सडे बहुतांशी खासगी मालकीचे आहेत. धन्याच्या दृष्टीने कातळ म्हणजे पावसाळ्यात चार महिने गुरे चारायची जागा आणि एरवी चिरेखाणीला देऊन चार पैसे मिळवण्याचा मार्ग. ठेकेदाराचे यंत्र एकदा सड्यावर चढले की हत्ती आणि चिरा यांत फरक राहत नाही. देवीहसोळचे चौकोनी शिल्प आर्यादुर्गेच्या स्थानाशी जोडले गेल्यामुळे त्याच्या निगराणीला गावच खडा आहे. उक्षीच्या ग्रामस्थांनी स्वतः पुढाकार घेऊन तेथल्या हत्तीभोवती संरक्षक कठडा बांधून घेतला. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या प्रस्तावावरून २०२३ मध्ये आंदोलन पेटले तेव्हा कातळशिल्पे एकाएकी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली, आणि भूसंपादनाची चर्चा जशी मागे पडली तशी तीही मागे गेली. ज्यांच्या खात्यावर हे सडे आहेत त्यांना चिरेखाणीच्या उत्पन्नाच्या बदल्यात काय द्यायचे, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.